दुसऱ्या बाजूची साखळी

९ जानेवारी

भाऊ,

तुझ्या मागच्या पत्रात तीन पानं तुझे गुडघे होते आणि दोन ओळी मी. तरी आशीर्वाद देते, कारण मोठी आहे आणि द्यावे लागतात.

आमच्याकडची बातमी म्हणजे छपरावर सोलर बसलं. बारा पॅनेल. कंपनीची माणसं दोन दिवसांत सगळं बसवून, भिंतीला चार भोकं पाडून, सहा वेळा चहा पिऊन गेली. मीटरही नवा आला. जास्तीची वीज तारेतून बाहेर जाते आणि मीटरचा आकडा उलटा सरकतो. हे दिवसातून दहादा त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात. चाळीस वर्षं लोकांची बंद घड्याळं पुढं चालवली, आता एक मागं चाललेलं बघून खूश आहेत.

पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात गेली आहे. मंगळवारी दुरुस्तीसाठी दहा ते चार वीज बंद असते. आम्ही समजत होतो, आता आपल्याला काय, सूर्य आहे डोक्यावर. पण बाहेरची वीज गेली तशी सोलरनंही मान टाकली. दारात रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद. कंपनीला फोन केला तर म्हणाले, हे असंच असतं. ह्यांना 'हे असंच असतं' हे वाक्य कधी पचलंय का?

त्यात समोरच्या हेडबाई. शाळेत असताना तू ज्यांची नक्कल करायचास त्याच. आता त्यांच्या नाकात नळी असते आणि उशाशी प्राणवायूचं यंत्र. त्याची बॅटरी दोन तास पुरते. मंगळवारी सून सिलेंडरसाठी धावते, कधी मिळतो, कधी नाही. हे म्हणतात, माझ्या छपरावर ऊन वाया जातंय आणि समोर माणूस श्वास मोजतंय, हे काही बरोबर नाही. दुकानातलं जुनं टेबल पुन्हा मांडून बसलेत.

तुझ्या हाताखाली शिकलेला लंबू परवा आमच्या विजेच्या खांबावर चढला होता. वर जाण्याआधी तो गल्लीभर ओरडतो ना, 'लाईन घेतोय', म्हणजे आता तारेला हात लावतोय, ते मला ऐकू येत नाही हे त्याच्या पक्कं लक्षात असतं. म्हणून येऊन खिडकीवर टकटक करतो. 'साहेब कसे आहेत' म्हणून विचारत होता. साहेब म्हणजे तू. वाचून बरं वाटलं असेल.

ताई


१९ जानेवारी

ताई,

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, इथे मुलाच्या घरी मला साहेब म्हणणारा एक कुत्रासुद्धा नाही.

भाऊजींना सांग, सोलर मान टाकतं ते नाटक नाही. ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. आम्ही लाईन बंद करतो तेव्हा तिकडून, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूनं बंद करतो. खांबावरचा माणूस समजतो, आता तार मेली. त्या वेळी एखाद्या छपरावरून वीज तारेत येत राहिली, तर ती त्याच्या हातातून जाईल. म्हणून बाहेरची वीज गेली की सोलरनंही गप्प बसायचं. ते यंत्र अडाणी नाही, भाऊजींपेक्षा शहाणं आहे. हे शेवटचं वाक्य वाचून दाखवू नकोस.

लंबूला सांग, साहेबांचे गुडघे सोडून सगळं ठीक आहे. तीस वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला तेव्हा शिडीला घाबरायचा. मी त्याला काम शिकवलं असं लोक म्हणतात. खरं म्हणजे मी त्याला एवढंच शिकवलं की हात लावायच्या आधी थांब, तारेवर अर्थिंगची साखळी टाक, मग हात लाव. साखळी टाकली की चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाते, माणसात नाही. बाकी सगळं तो स्वतः शिकला.

हेडबाईंना माझा नमस्कार. नक्कल केली होती हे सांगू नकोस.

भाऊ


२ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते वाक्य गाळलं, पण त्यांनी हातातून पत्र घेऊन स्वतः वाचलं. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी काम झालं. त्यांनी भंगारातून बॅटरीवर चालणारा जुना इन्व्हर्टर आणला. तो सुरू केला की सोलरच्या यंत्राला वाटतं, बाहेर वीज आहे, आणि ते चालू राहतं. यंत्राला फसवलंय, बस. तुझ्या शहाण्या यंत्राला. हे लिहायला त्यांनी सांगितलं आहे.

तू घाबरशील म्हणून लगेच लिहिते. आधी आमचा मेन स्विच खाली पाडायचा, मगच इन्व्हर्टरचा खटका वर करायचा. म्हणजे आपल्या घरातून तारेत काही जात नाही. मेन स्विचवर त्यांनी कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात: आधी हा. मलाही दोनदा करून दाखवलं. आणि हेडबाईंसाठी गल्लीवरून एक वायर त्यांच्या घरात नेली आहे. गेल्या मंगळवारी बाईंनी दहा ते चार झोप काढली. सून रडली. ह्यांनी घरी येऊन दोन वाट्या भात जास्त खाल्ला आणि उगाच दाढी केली.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

मेन स्विच पाडतात हे वाचून जीव भांड्यात पडला. भाऊजी पट्टीचे कारागीर आहेत हे मी कधी नाकारलं नाही, फक्त तोंडावर म्हटलं नाही. तरी हे नियमात बसत नाही. वीज कंपनीला कळलं तर तोडून टाकतील. पण बाईंचा श्वास चालतो म्हटल्यावर मी काय बोलू. सांभाळून करा.

इथे सून मला सकाळी चालायला पाठवते. मी कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत येतो.

भाऊ


१३ फेब्रुवारी

ताई,

परवाचं पत्र टाकलं आणि बाकावर बसलो असताना एकदम घाम फुटला. तुमचा मेन स्विच पडतो, ठीक. पण बाईंचा? तुमची वायर त्यांच्या घरात जाते. त्यांचा मेन स्विच वर असेल तर वीज त्यांच्या घरातून बाहेरच्या तारेत जाईल. तुमचं दार बंद करून शेजाऱ्याचं उघडं ठेवल्यासारखं आहे. मी आयुष्यभर हेच काम केलं आणि मला दोन दिवस सुचलं नाही. कारागिरीच्या कौतुकात वाहून गेलो.

भाऊजींना फोन केला. 'ते मी बघतो' म्हणाले आणि ठेवला. बघतात का, तेवढं कळव.

भाऊ


२४ फेब्रुवारी

भाऊ,

बघतात. दर मंगळवारी स्वतः समोर जातात, बाईंचा मेन स्विच पाडतात, मग घरी येऊन खटका वर करतात. एकदा विसरले होते, तेव्हा अख्ख्या गल्लीचा भार आला आणि सोलर दोन सेकंदांत बंदच पडलं. म्हणजे चुकलं तरी यंत्र बंद पडतं, असं ते म्हणतात. आता तरी रात्री झोप.

एक सांगायचं होतं. वीज कंपनीचा तपासनीस आला होता. कोणीतरी तक्रार केली असावी. हे दुकानात होते. त्याच्या येण्याआधी समोरची सून धावत आली आणि आम्ही दोघींनी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. जुना इन्व्हर्टर कशाचा, म्हणून त्यानं विचारलं. मी कानावर हात ठेवला, ऐकू येत नाही म्हणून खूण केली. बहिरेपणाचा असा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा केला. तो गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. मग बाईंकडे गेले, त्या झोपल्या होत्या, छाती नीट वरखाली होत होती. मग वाटली नाही.

ताई


१० मार्च

ताई,

तक्रार मी केली होती. भाऊजींची नाही. मी कार्यालयाला एवढंच लिहिलं होतं की त्या भागातली सोलर छपरं तपासा आणि खांबावरच्या माणसांना दोन साखळ्या द्या. त्यांनी तपासनीस पाठवला आणि तू त्याला बहिरेपणा दाखवलास. साखळीबद्दल उत्तर आलं: आपले पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे. ह्या वाक्याचा अर्थ मला चांगला माहीत आहे, नोकरीत असताना मीच ते लिहीत होतो.

भार आला तर यंत्र बंद पडतं ह्यावर भाऊजींनी विसंबू नये. गल्लीत मधेच तार तुटली तर शेवटच्या खांबापलीकडे तुमची तीनच घरं उरतात. तीन घरांचा भार ते यंत्र आरामात ओढेल. दोन सेकंद नाही, संध्याकाळपर्यंत.

आता साखळीचं सांगतो, कारण ते मला खातंय. नियम दोन साखळ्यांचा. जिथे काम करायचं त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक. पण आमच्याकडे कायम एकच असायची. म्हणून मी लंबूला शिकवलं, एकच असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला टाक, कारण वीज तिकडूनच येते. त्या काळी ते खरं होतं. दुसऱ्या बाजूला नुसती घरं होती, घरातून कधी वीज येते का? आता येते. तुटलेल्या तारेचा पलीकडचा तुकडा आता जिवंत असू शकतो, आणि लंबूच्या हाताला अजून माझीच सवय आहे.

त्याला फोन केला. म्हटलं, दोन्ही बाजूंना टाकत जा. हसला. म्हणाला, 'साहेब, एकच आहे, दुसरी दुसऱ्या तुकडीकडे असते. आणि एकच असेल तर कुठं टाकायची हे तुम्हीच शिकवलंय की. का, काही विशेष?'

तिथे मला सांगता आलं असतं, की माझ्या बहिणीच्या घरी असं असं आहे. मी म्हटलं, 'विशेष काही नाही, आता सोलर फार झालेत म्हणून.' भाऊजींचं नाव माझ्या जिभेवर आलं नाही. घरचं माणूस, लोकांत कसं उघडं पाडायचं.

ती वायर काढा, ताई. बाईंसाठी मोठी बॅटरी घ्या, मी निम्मे पैसे देतो. हात जोडून सांगतो.

भाऊ


२९ एप्रिल

भाऊ,

लंबू खांबावरून पडला. गेल्या शनिवारी. दुपारी वारा सुटला होता, फांदी पडून आमच्या गल्लीतली तार तुटली, तो जोडायला आला होता. जिवंत आहे. हात भाजला आहे आणि कंबरेचं हाड मोडलं आहे. जास्त मला माहीत नाही.

बॅटरी सांगितली होती, यायला महिना लागेल म्हणाले होते. ती काल आली. वायर आता काढून टाकली आहे.

हे बरे आहेत. जेवत नाहीत, पण बरे आहेत.

ताई


४ मे

ताई,

तुझं पत्र फार छोटं आहे.

लंबूच्या तुकडीतल्या एकाला मी फोन केला. ट्रान्सफॉर्मर बंद होता, साखळी त्या बाजूला टाकलेली होती, आणि त्यानं पलीकडचा तुकडा हातात घेतल्यावर झटका बसला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला. तू हे लिहिलं नाहीस. तुला माहीत नव्हतं की लिहवलं नाही?

त्या गल्लीत शेवटच्या खांबापलीकडे एकच सोलर आहे. मला उगाच धीर देऊ नकोस. खटका वर होता का? बाईंचा मेन स्विच पाडला होता का? भाऊजी तर इतके काटेकोर आहेत.

भाऊ


१५ मे

भाऊ,

हे घरी नव्हते. दात काढायला गेले होते. खटका मी वर केला.

शनिवार होता, मंगळवार नव्हे, म्हणून कोणीच तयारीत नव्हतं. समोरची सून खिडकीतून दोन्ही हात हलवत होती. सकाळी दोनदा वीज जाऊन आली होती, यंत्राची बॅटरी आधीच संपत आली होती. मी आमचा मेन स्विच पाडला, कागद वाचून पाडला. खटका वर केला. मग समोर धावले, बाईंचा स्विच पाडायला. खोटं नाही सांगत, त्यासाठीच गेले होते. तुझं ते पत्र मला तोंडपाठ होतं.

आत गेले तर सुनेनं माझा हात धरून मला पलंगापाशी ओढलं. बाईंचे ओठ निळे झाले होते. आणि यंत्र सुरू झालं होतं. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. हळूहळू रंग परत यायला लागला. त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखून हसल्या. भाऊ, मी तिथेच बसले. त्यांचे पाय चोळत बसले. मेन स्विच माझ्या पाठीमागे दोन हातांवर होता, आणि मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. आनंद झाला होता मला. पाऊण तास मी आनंदात बसले होते.

लंबू ओरडला होता म्हणे, 'लाईन घेतोय.' सुनेनं ऐकलं, पण तिला त्याचा अर्थ काय कळणार. तो आमच्या खिडकीवरही आला असणार. टकटक केलं असणार, मी दिसले नाही म्हणून घरी नाही असं समजला असणार. मी बाहेर आले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती आणि तो खाली पडलेला होता.

हे आले ते तोंडात कापूस घेऊन. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सगळं समजले. वीज कंपनीचे साहेब लोक यायच्या आधी त्यांनी वायर काढली, इन्व्हर्टर उचलून दुकानात नेला. एक शब्द बोलले नाहीत. अजून बोलत नाहीत. टेबलावर बसतात, एक घड्याळ उघडतात, तसंच बंद करतात.

चौकशी झाली. सोलरचं यंत्र तपासलं, नियमाप्रमाणे निघालं. शेवटी लिहिलं की कर्मचाऱ्यानं दोन्ही बाजूंना साखळी टाकली नव्हती, स्वतःचा निष्काळजीपणा. पलीकडे वीज कुठून आली, ह्यावर अर्धी ओळ आहे, नक्की सांगता येत नाही.

मी सांगायला निघाले होते. हे दारात आडवे उभे राहिले आणि पहिल्यांदा बोलले, 'तुला घेऊन जातील. ह्या वयात तुला तिथं काही ऐकू येणार नाही, कोण काय विचारतंय तेही कळणार नाही.' आणि माझ्यासमोर रडले. चाळीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी चपला काढून आत आले.

तू मोठा हो आता. तू सांग काय करू. तू म्हणशील ते करीन. पण लवकर सांग, रोज सकाळी चपला घालते आणि रोज काढते.

ताई


२६ मे

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला अकरा दिवस लागले. कारण मी ठरवलं होतं की तुला उत्तर द्यायच्या आधी लंबूलाच सांगायचं. त्याच्यासमोर सगळं ठेवायचं आणि तो म्हणेल तसं करायचं. चार ओळी कागदावर लिहून ठेवल्या होत्या, बोलताना ततपप होऊ नये म्हणून. पहिली ओळ होती, 'लंबू, तुझी चूक नव्हती.'

काल त्याचाच फोन आला. डाव्या हातानं लावला, तीनदा चुकीचा लागला म्हणाला. आवाज बसलेला होता. मी कागद शोधत होतो तेवढ्यात तो बोलायला लागला.

म्हणाला, 'साहेब, मी तुमचं नाव घालवलं. तीस वर्षांत एक ओरखडा नाही, सगळीकडे सांगत होतो की मला साहेबांनी शिकवलंय. तुम्ही मार्चमध्ये एवढा फोन करून सांगितलंत, दोन्ही बाजूंना टाक. मी हसलो. त्याचीच शिक्षा झाली. लोक म्हणतात चौकशीवर अपील कर, पण कशाला करू, लिहिलंय ते खरंच आहे. मी रोज तोच विचार करतो की माझ्या हातून असं झालंच कसं. तुमच्यासमोर यायचं तोंड राहिलं नाही.'

आणि तो रडायला लागला. एवढा सहा फुटी माणूस.

कागद माझ्या हातात होता, ताई. पहिली ओळ समोर दिसत होती. ती म्हटली की दुसरी म्हणावी लागणार होती, आणि दुसऱ्या ओळीत तू होतीस. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, मी म्हणत होतो, 'होतं असं कधीकधी. मी रागावलेलो नाही. मनाला लावून घेऊ नकोस.'

मग म्हणाला, 'साहेब, तुम्ही माफ केलंत ना, मग झालं. आज झोप लागेल मला.'

भाऊ